आबांच्या पाटावर धुरकरी

माझे आजोबा वारल्यानंतरच्या पहिल्याच आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी त्यांच्या जागेवर त्यांच्या शत्रूला जेवायला बसवलं. ठरवून नव्हे. मी काहीही ठरवून केलं असतं तर ते इतकं चोख झालंच नसतं.

आमचं गाव धामणगाव बढे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि मी मलकापुरातल्या एका शाळेत नुकताच मास्तर झालो होतो. अंगात काळा कोट, खिशात घड्याळ आणि डोक्यात आपण भूगोल शिकवतो याची हवा. (घड्याळ रोज वीस मिनिटं मागे पडत असे. हवा अजिबात कमी होत नसे.)

आबा माघात गेले. वय झालं होतं, फार दिवस अंथरुणावर नव्हते, सगळं नीट झालं असं लोक म्हणाले. पण घर विचित्र झालं. भाजीत मीठ जास्त आहे अशी रोज सकाळ-संध्याकाळ तक्रार करणारं माणूस गेलं, तेव्हापासून आईला मिठाचा अंदाजच येईना. कधी अळणी, कधी खारट. आणि कोणी काही बोललं नाही की ती आपलं ताट सरकवून उठायची.

आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि घरातली गेलेली माणसंही येतात, असं मानतात. गेलेल्यांच्या नावानं पाण्याची नवी घागर भरायची आणि एका वडीलधाऱ्या माणसाला पित्तर म्हणून पाटावर बसवून आधी जेवू घालायचं. तो जेवला म्हणजे आपलं माणूस जेवलं. त्या वर्षी पित्तर आबांचा होता. मोताळ्याची थोरली आत्या, शेगावची धाकटी आत्या, त्यांची पोरं, असा सगळा गोतावळा दोन दिवस आधीच येऊन पडला होता. पित्तर म्हणून आबांचे लंगोटीयार नामदेवबुवा येणार, हे आबा गेले त्याच दिवशी ठरलं होतं.

सकाळी वडिलांनी मला हाक मारली. "मारोतीच्या देवळामागच्या नामदेवबुवाले सांगून ये. अन् नीट हात जोडून सांगजो."

मी कोट चढवून निघालो. देवळाजवळ एक म्हातारे चाचा ओट्यावर शिलाई मारत बसायचे. माझं सगळं शिक्षण परगावी वसतिगृहात झालेलं, म्हणून गल्ल्यांची आणि माणसांचीही ओळख बेताचीच. चाचांना विचारलं, नामदेवबुवा कुठे राहतात? त्यांनी मशीन थांबवलं आणि विचारलं, कोणते, देवळामागचे की देवळापुढचे?

मागचे, असं सांगून मी वाट न विचारताच निघालो. आता आमच्या घराकडून येताना मारुतीची पाठ दिसते. म्हणजे देवळाच्या पलीकडे जे आहे ते आपल्यासाठी मागचं, असा मी शास्त्रशुद्ध हिशेब केला. गावाचा हिशेब वेगळा होता. गाव मारुतीच्या पाठीला मागचं म्हणत होतं आणि तोंडाला पुढचं. मी मारुतीच्या तोंडासमोरच्या घरात शिरलो.

पडवीत एक उंच, वाळका म्हातारा दोरी वळत बसला होता. मी हात जोडून बोलावणं सांगितलं. त्यानं दोरीचा पीळ हातातच धरून ठेवला. मग विचारलं, "तुह्या बापानं पाठवलं?" मी म्हटलं, हो. "नाव घेऊन?" हो, नामदेवबुवा म्हणून. त्यानं दोरी खाली ठेवली आणि म्हणाला, "येतो."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या शेताला लागून ज्याचं शेत, त्या माणसाशी आबांचं तीस वर्षांचं वैर होतं. धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांच्या बांधावर, एक आंब्याचं झाड होतं. अख्ख्या शिवारात आखाजीच्या आत पिकणारं तेवढं एकच. आबांनी ते आपल्या बाजूला घेऊन काटेरी कुंपण घातलं आणि तीस वर्षं एकट्यानं रस खाल्ला. त्या शेजाऱ्याचं नाव आमच्या घरात कोणी उच्चारत नसे. त्याला नुसतं 'धुरकरी' म्हणत. त्यामुळे धुरकऱ्याचं नावही नामदेवच आहे, हे मला कळायला वावच नव्हता. (ही माझी बाजू. ती घरात आजवर कोणी ऐकून घेतलेली नाही.)

जेवणाच्या वेळेला पित्तर आले. धुवट धोतर, पांढरी टोपी, मान खाली. पित्तराचे पाय घरच्या कर्त्यानं धुवायचे असतात. वडील तांब्या घेऊन वाकले, अगदी श्रद्धेनं उजवा पाय धुतला, पंच्यानं पुसला आणि डावा पाय पुढे घ्या म्हणायला वर पाहिलं.

तांब्या तसाच हातात राहिला. मग ते शांतपणे उठले आणि मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"हा कोन व्हय?"

"नामदेवबुवा. देवळामागचे."

"हा देवळापुढचा हाय. हा आपला धुरकरी हाय बे!"

आईच्या हातातली पुरणपोळी तव्यावर दुमडली गेली. धाकटी आत्या भिंतीला टेकून खालीच बसली. वडील म्हणाले, आत्ताच्या आत्ता त्याला वाटेला लावतो. पण थोरली आत्या दारात आडवी उभी राहिली. तिचं म्हणणं असं, की पाय धुतले म्हणजे तो आता धुरकरी नाही, आबा आहे. पित्तर उपाशी परत गेला तर आबा वर्षभर उपाशी.

"एकच पाय धुतला," वडील म्हणाले.

"मंग दुसरा धू," आत्या म्हणाली.

वडिलांनी दुसरा पाय धुतला. इतक्या जोरानं आजवर त्यांनी बैलसुद्धा धुतला नसेल.

धुरकरी पाटावर बसला. तेवढ्यात दारात खरे नामदेवबुवा उभे! सकाळपासून बोलावण्याची वाट पाहून, उपाशीपोटी, आपल्याला विसरले की काय हे बघायला ते स्वतःच आले होते. पाटावर कोण बसलंय ते पाहून त्यांनी तोंड उघडलं, पण आत्यानं त्यांना खुणेनंच भिंतीशी बसवलं. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते घेतलं, मात्र माझ्याकडे पाहिलं नाही.

वाढणं झालं. पुरणपोळी, कढी, भजी, कुरडया आणि आमरस. धुरकऱ्यानं रसात बोट बुडवून चाखलं आणि थांबला. रस कोणत्या झाडाचा हे आम्हाला माहीत होतं. ते त्यालाही कळलं होतं. त्यानं वाटी तोंडाला लावली आणि रिकामी करून खाली ठेवली. आई वाढत गेली, तो पीत गेला. सातव्या वाटीनंतर मी मोजणं सोडलं.

मग तो कढीचा भुरका घेऊन म्हणाला, "मीठ जास्त झालं."

आईनं पदर तोंडाला लावला. दोघी आत्यांचे डोळे भरून आले. वडील खांबाकडे बघू लागले. तो आपल्या ताटाकडेच बघत म्हणाला, "रोज पहाटे धुऱ्यावर येऊन हा मानूस मले शिव्या द्यायचा. नाव घेत नव्हता, बैलाले दिल्यासारख्या द्यायचा. माघापासून बंद हाय. मले आता जागच येत नाही."

हे ऐकून मात्र खरे नामदेवबुवा उपरण्यानं डोळे पुसू लागले आणि मी हातातली पाण्याची झारी जमिनीवरच ओतली.

सगळं इथंच संपलं असतं तर माझ्यावर फार बालंट आलं नसतं. पण जेवण झालं की कर्त्यानं हात जोडून पित्तराला विचारायचं असतं, मनात काही राहिलं का? आणि पित्तरानं म्हणायचं असतं, काही नाही, तृप्त झालो. नुसती रीत आहे. वडिलांनी हात जोडले आणि जड जिभेनं विचारलं, "आबा, मनात काई राह्यलं काय?"

धुरकरी विचारात पडला. मग म्हणाला, "हाव. एक राह्यलं. धुऱ्यावरच्या झाडाचे आंबे म्या एकट्यानं खाल्ले. त्यात नामदेवचा अर्धा वाटा होता. देऊन टाका."

वडिलांचे हात जोडलेलेच राहिले. हा बोलतोय धुरकरी, पण बसलाय आबांच्या पाटावर आणि आबा म्हणून. नाही म्हणावं तर भर आखाजीला बापाचा शब्द मोडल्यासारखं. ते मदतीसाठी खऱ्या नामदेवबुवांकडे वळले. बुवा भिंतीपाशी उपाशी बसून होते. त्यांनी तेवढ्यात जो काही सूड घ्यायचा तो घेतला. म्हणाले, "आबा शेवटी मलेही असंच बोलले होते."

दोघी आत्या रडत रडत 'देऊन टाक दादा' म्हणाल्या. वडिलांनी मान हलवली. मग माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी खिशातून घड्याळ काढून उगाचच किती वाजले ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आढीतले अर्धे आंबे टोपल्यात भरले आणि टोपलं माझ्या डोक्यावर ठेवलं. बोलावलंस तू, पोचवशील तूच, एवढंच म्हणाले. भर दुपारी, काळा कोट घालून (तो काढायचं मला सुचलं नाही), मानेवर रस गळत, मी गावातून निघालो. ज्यांनी ज्यांनी मला कधी 'मास्तर' म्हटलं होतं, ते सगळे त्या दिवशी ओट्यावर बसलेले होते.

धुरकऱ्यानं टोपलं उतरवून घेतलं, मला पाणी दिलं. दोन घोट घेतल्यावर माझ्यानं राहवलं नाही. मी विचारलं, "काका, बोलावणं तुमचं नव्हतं, हे तुम्हाला कळलं नव्हतं काय?"

"तवाच कळलं," तो म्हणाला. "पन तीस वर्सांत तुह्या घरून पह्यल्यांदा बोलावनं आलं होतं. परत कसं लावू?"

मला एकदम हलकं वाटलं. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं आणि तरीही तो आला होता. मी छाती जराशी पुढे काढून म्हटलं, "मग काका, हे एकदा आमच्या वडिलांना येऊन सांगा ना. म्हणजे चूक माझ्या एकट्याची नव्हती, हे तरी त्यांना कळेल."

त्यानं टोपल्यातला एक आंबा उचलला, दाबून पाहिला, देठ मोडून चीक झटकला.

"चूक तुह्या एकट्याचीच हाय," तो म्हणाला. "म्या फक्त जेवलो."