कोऱ्या कागदाला मलेरिया

धर्मपालचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. तो आता कामाला जायचा ती मलेरिया तपासणीची प्रयोगशाळा उघडायची दहाला. पण रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या स्पंज आयर्न कारखान्यात एकतीस वर्षं पहिली पाळी केलेल्या अंगाला हे कोण समजावणार?

"काहून जी उठून राहिले? तुमची मशीन तं झोपली असंन अजून," कलावती अंथरुणातूनच म्हणायची.

तिच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. भात कालवून गिळायचा, एवढंच जेवण. तिच्या कवळीसाठीच धर्मपाल त्रेसष्टाव्या वर्षी पुन्हा कामाला लागला होता. बुढापारा मोहल्ल्यातल्या दातांच्या डॉक्टरने माप घेऊन ठेवलं होतं. तिसरा पगार हातात आला की कवळी बनणार होती. तिसऱ्या महिन्याचं काम मिळणार की नाही, हे प्रयोगशाळेच्या प्रमुख मंजिरी मॅडमच्या सहीवर होतं, आणि सही सोमवारी व्हायची होती.

कारखान्यात धर्मपाल ऑयलर होता. पट्ट्याचे रोलर, पंख्याचे बेअरिंग, गिअर. कुठे किती तेल आणि किती वाजता, सगळं हाताला पाठ. जास्त तेल देणाऱ्याला तो आळशी म्हणायचा आणि कमी देणाऱ्याला चोर. प्रयोगशाळेतलं काम हलकं होतं. काचा धुवायच्या, नमुने क्रमाने लावायचे, फरशी पुसायची. धर्मपालने ते स्वतःच जड करून घेतलं होतं. धुतलेली प्रत्येक काच तो खिडकीपाशी नेऊन दोन्ही बाजूंनी बघायचा.

यंत्र मात्र त्याच्या मनात भरलं होतं. बोटाचं रक्त कागदावर वाळवायचं, कागदाचा तुकडा यंत्राच्या चकतीवर ठेवायचा आणि वरचा स्क्रू फिरवून दाबायचा. खालून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश जायचा. त्यातला थोडा प्रकाश ते रक्त पिऊन टाकायचं, उरलेल्याची रेघ संगणकावर उमटायची. रेघेचे चढउतार बघून संगणक सांगायचा, मलेरिया आहे की नाही.

खोट एकच. तो स्क्रू कुरकुरायचा. दिवसातून साठ वेळा. बाकी कोणाला ऐकूच येत नव्हतं. धर्मपालच्या मात्र डोक्यात कळ जायची.

शुक्रवारी तो घरून शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन आला. एक थेंब दिला, स्क्रू वरखाली फिरवला, फडक्याने पुसला. आवाज बंद.

अकरा वाजता एका वस्तीचे नमुने लागले. पहिल्याला मलेरिया. दुसऱ्याला मलेरिया. बाराव्यालाही.

"मैडम, पूरा मोहल्ला गया," संगणकावरचा शिशिर म्हणाला. हा रायपूरचाच मराठी पोट्टा. समजायचं सगळं, बोलायचा हिंदीत.

"ताप किती जणांना आहे?" मंजिरीने विचारलं. ती पुण्याहून आली होती आणि हिंदीला मराठीतूनच उत्तर द्यायची.

"एक को. उसका भी परसों उतर गया."

मंजिरीने त्याच माणसांच्या रक्ताच्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या. स्वच्छ. मग तिने शिशिरच्या बोटाला सुई टोचली. मलेरिया. स्वतःच्या बोटाला टोचली. मलेरिया. ड्रायव्हर भैय्यालाल गाडीची चावी द्यायला आला होता, त्यालाही धरलं. मलेरिया.

"मैं तो खाली चाबी देने आया था," म्हणत भैय्यालाल खुर्चीवर बसला आणि बसल्या बसल्या त्याला थंडी वाजू लागली.

शेवटी शिशिरने नुसता कोरा कागद ठेवला. त्यालाही मलेरिया.

मंजिरीने रेघ मोठी करून बघितली. "हे दोन शेंडे बघ. हे तेला-चरबीचे. मलेरियाच्या रक्तातही इथेच फरक पडतो, म्हणून संगणक फसतोय. चकतीवर तेल आहे." तिने शिशिरच्या डोक्याकडे बघितलं. डोकं चकाकत होतं. "काय लावतोस?"

"नारियल. मम्मी लगा देती है."

"आणि तेच हात यंत्राला?"

"मैडम, कसम से, हाथ धोता हूँ."

दाराशी धर्मपाल पोछा मारत होता. गप्प राहिलं तर बोलणी शिशिर खाणार आणि सोमवारी सही होणार. त्याने एकाच जागी चार वेळा पोछा फिरवला. शिवाय ते तेल नारळाचं नव्हतंच.

"मॅडम, ते तेल माह्यं आहे," तो म्हणाला. "स्क्रू कुरकुर करून राहिला होता. एक थेंब देला. एकच."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. मले ऐकवलं नाही जी."

मंजिरी त्याच्याकडे वळली. "काका, दुरुस्तीवाला मुंबईहून येणार, पंधरा दिवस लागणार. तोवर काम बंद. सोमवारी मी सही कशावर करू?"

धर्मपालने पोछा भिंतीला टेकवला आणि कोपरापर्यंत हात साबणाने धुतले. "दोन तास द्या. स्क्रू मी खोलतो. चकतीले हात तुमी लावा."

स्क्रू निघाला. आट्यांमध्ये कागदाचा भुसा ठासून भरला होता. कुरकुर त्याची होती. तेलाची गरजच नव्हती. धर्मपालचा चेहरा पडला. एकतीस वर्षांत त्याने आधी न बघता कशालाही तेल दिलं नव्हतं.

तो स्पिरिटने एकेक आटा साफ करत गेला, मंजिरी चकती पुसत गेली. दर वेळी कोरा कागद लावायचा. पहिल्यांदा मलेरिया. चौथ्यांदा मलेरिया. सहाव्यांदा संगणक म्हणाला, नाही.

"झालं," मंजिरी म्हणाली.

धर्मपालने रेघेवर बोट धरलं. "इथं थोडं टेकाड आहे न अजून."

टेकाड होतं. सातव्यांदा रेघ सपाट आली. मग नवे तुकडे कापून सगळे नमुने पुन्हा लावले, शेवटी भैय्यालालचा. मलेरिया नाही, हे ऐकताच तो उठला, चावी टेबलावर ठेवली आणि चहा प्यायला गेला.

सोमवारी मंजिरीने सही केली. धर्मपालच्या कामांत एक काम वाढवलं: दर शनिवारी स्क्रू काढून कोरडा साफ करणे. 'कोरडा'खाली तिने दोनदा रेघ ओढली.

तिसऱ्या पगारात कलावतीची कवळी आली, वरची आणि खालची. आठ दिवस मऊच खा, असं डॉक्टरने बजावलं. कलावतीने मान हलवली आणि बाहेर पडताच फुटाण्याची पुडी घेतली. बुढा तालाब येईपर्यंत पुडी संपली होती.