तीन महिने दम निघाला नाही

पोराच्या ऑपरेशनची गोष्ट बाहेर काढू नये, असं घरात सगळ्यांचं मत आहे. बुढी, म्हणजे माझी बायको, म्हणते, झालं ते झालं, आता उकरू नका. पण गावानं भर पोळ्यात माझ्या सुनेवर तोंड टाकलं, तेव्हा कोणी म्हटलं नाही की राहू द्या. म्हणून लिहितो. शाळा माझी चौथीतच सुटली. अक्षर वाकडं येतं, पण जे पाहिलं ते सरळ सांगता येतं.

आमचं गाव समुद्रपूर तालुक्यात, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. सून आली ती पवनारकडून. कामाला चपळ, बोलायला कमी. तिला सिकलची बिमारी आहे हे पहिल्या बाळंतपणात कळलं. अंगात रक्त टिकत नाही, सांधे धरतात, हात लावू देत नाही असे दुखतात. दोन लेकरं झाली, दोन्ही वेळा पोट फाडावं लागलं. दुसरं पोरगं जन्मलं तेव्हा एवढंसं होतं, काचेच्या पेटीत ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, हे हाती लागेल की नाही सांगता येत नाही, म्हणून तिची नस आत्ता बांधत नाही. पोरगं जगलं. पण नंतर तिच्या अंगात ऑपरेशन सोसण्याइतकं रक्तच राहिलं नाही. दवाखान्यातून सुटी देतानाच डॉक्टरांनी बजावलं होतं, तिसरं राहू देऊ नका, बाई वाचणार नाही.

मी पोराला म्हटलं, "तू नसबंदी करून टाक. मी बी केली होती."

मी केली होती हे खरं आहे. त्याच्या आधी एक काळ असा होता की सरकारची जीप गावात शिरली की माणसं तुरीत लपायची. सापडेल त्याला नस बांधायला धरून नेत. तो जुलूम होता, मी आजही त्याला जुलूमच म्हणतो. ते सगळं थंड झाल्यावर, बुढी तिसऱ्या बाळंतपणात मरता मरता वाचली, तेव्हा मी आपल्या पायानं गेलो. मला कोणी नेलं नाही. लोक म्हणाले, सरकारी तुपाच्या डब्यासाठी गेला. डबा मी तिथेच ठेवून आलो. सांगितलं तितके महिने वेगळा ओट्यावर झोपलो. पुढची सगळी वर्षं वखर धरला, नांगर धरला, पोती उचलली. काही कमी झालं नाही.

पण पोरगं म्हणे, "मले काय खच्ची करता काय बाबा?"

बुढी त्याच्या बाजूनं. "अजी, वजनाचं काम करणारा मानूस हाये तो. कमर गेली तं कोन पाहीन?"

"अन् तुयी सून गेली तं कोन पाहीन?" मी म्हटलं. मिरगाच्या तोंडावर, पेरणीआधी, मी त्याला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेलो. टाका नाही, फाडणं नाही. थोड्या वेळात आपल्या पायानं बाहेर आला. नर्सबाईनं आम्हा दोघांनाही समोर बसवलं आणि लहान लेकराला सांगावं तसं सांगितलं. नस बांधली तरी पुढच्या नळीत जुनं बीज साचलेलं राहते. तीन महिने निरोध वापरायचा. तीन महिन्यांनी येऊन तपासून घ्यायचं. बीज नाही असं आम्ही सांगू, तेव्हा तुम्ही मोकळे. एका थैलीत तिनं पाकिटं घालून दिली.

बसस्टॅन्डपर्यंतही ती थैली त्याच्या हातात राहिली नाही. भिंतीमागच्या गाजरगवतात फेकली.

"काऊन फेकलं बे?"

"हे डायवर लोकायचं काम हाये बाबा. मले का बिमारी हाये?"

हे त्याच्या डोक्यात कुठून आलं ते मला माहीत आहे. तो लहान होता तेव्हा मोठ्या रस्त्यावरच्या ढाब्यांवर एक गाडी यायची. त्यातली माणसं ट्रकवाल्यांना निरोध वाटायची, त्या मोठ्या बिमारीबद्दल सांगायची. आमच्या इकडच्या पोरांनी निरोध पहिल्यांदा तिथेच पाहिला. फुगे फुगवले. तेव्हापासून गावात असं बसलं की निरोध म्हणजे बाहेरख्याली माणसाचा. गावातलाच एक ड्रायव्हर त्या बिमारीनं गेला. खांदा द्यायला चार माणसं मिळेनात. मी होतो, म्हणून सांगतो. त्याची बायको कधी गावच्या शिवेबाहेर गेली नाही, बिमारी तिला त्यानंच आणून दिली होती. पण विहिरीवर तिचीच बादली बाजूला ठेवायला लावली. म्हणे तीच तशी होती. आता रस्त्यावर ती गाडी येत नाही. पण लाज गावात राहिली ती राहिलीच. घरच्या बायकोसाठी निरोध घेताना माणसाला आजही चोरी केल्यासारखं वाटते, आणि बाहेर जाणं, जी खरी चोरी आहे, ती मर्दुमकी वाटते.

मी पोराला त्या दिवशी बोललो ते बोललो. पुढं नवरा-बायकोच्या खोलीत बाप जात नाही.

कपाशीचं निंदण चालू होतं तेव्हा सून दोन ओळींमधल्या तासात बसून ओकली. दुसऱ्या दिवशीही ओकली. आरोग्य केंद्रात जाऊन आली आणि दिवस गेल्याचं सासूला सांगितलं. बुढी अंगणात तांदूळ निवडत होती. हातातलं सूप तिनं खाली ठेवलं.

"ऑपरेशन झाल्यावर? मंग हे कुठून आनलं?"

शेजारच्या भिंतीपलीकडं दोन बायका होत्या. बुढीला ते माहीत होतं. पोरगा दारात उभा होता. गाजरगवतात काय फेकलं ते त्याला ठाऊक. तीन महिने दम निघाला नाही, तेही त्यालाच ठाऊक. त्यानं एवढंच म्हणायचं होतं की आई, माझंच आहे. तो म्हणाला, "मले काय मालूम."

सुनेनं त्याच्याकडे पाहिलं. रडली नाही. मी ओरडलो, "मालूम काऊन नाई बे? त्या बाईनं काय सांगतलं होतं?" तो चप्पल घालून बाहेर.

संध्याकाळी मी सुनेला म्हटलं, "बाई, उद्या वर्ध्याले जाऊ. जितकी लवकर मोकळी होशीन तितकं बरं."

"नाई जात मामाजी."

"काऊन?"

"पाडलं तं म्हनतीन, पाप होतं म्हून पाडलं. ठेवलं तं मी मरन. आधी त्यायची तपासनी होऊ द्या. माह्या तोंडावरचं काळं पुसू द्या, मंग तुमी म्हनान तिथं येतो."

मी हट्टी माणूस, सगळा गाव जाणतो. पण त्या दिवशी मला कळलं की या घरात माझ्यापेक्षा हट्टी माणूस आणखी एक आहे. आणि तिचा हट्ट जिवावरचा होता. पोटातलं वाढत होतं. रक्त कमी होत होतं. पोरगा म्हणायचा, आज फवारणी आहे, उद्या खत टाकायचं आहे.

त्यात पोळा आला.

आमच्याकडे पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की झडत्या म्हणतात. जुळवलेल्या दोन-चार ओळी, कोणाची तरी उडवायची, आणि शेवटी सगळ्यांनी महादेवाचा गजर करायचा. पुढाऱ्याची उडवतात, व्यापाऱ्याची उडवतात, एकमेकांची उडवतात. राग मानायचा नाही, अशी रीत. मीही माझ्या काळात पुष्कळ म्हटल्या. त्या दिवशी मी माझी जोडी घेऊन उभा होतो. पोरगा बाजूला कासरा धरून. समोरून एकानं, ज्याच्या शेताला माझं वावर लागून आहे, हात वर केला.

"आभाळ नाई, पानी नाई, विहीर पडली कोरडी,
तरी वावर हिरवंगार, कोनाची होती जोडी?
हर बोला हर हर महादेव!"

सगळा पोळा हसला. त्यात माझ्या हातचं खाल्लेली पोरं होती. बायका देवळाच्या पायऱ्यांवर उभ्या होत्या. सून आली नव्हती, पण दोन्ही नातवंडं आली होती.

मी पोराकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. मला झडतीला झडती सुचली नाही. मी साधंच बोललो, पण मोठ्यानं.

"तुमी कास्तकार हा ना रे? गोऱ्हा खच्ची केला तं दुसऱ्याच दिवशी गायीत सोडता काय? महिना महिना दूर बांधून ठेवता. काऊन ठेवता? बैलाचं समजते अन् मानसाचं समजत नाई? माह्या पोराले तीन महिने थांबाले सांगतलं होतं. तो थांबला नाई. हिरवं हाये ते आमच्याच जोडीचं हाये!"

कोणी तरी मागून म्हणालं, "बुढा आपल्याच पोराले बैल म्हनते बाप्पा!" आणि पहिल्यापेक्षा जोरात हशा झाला. पोळा फुटायच्या, म्हणजे जोड्या सुटायच्या, आधीच मी जोडी तोरणाखालून काढली. आमच्या गावात असं कोणी करत नाही. मी केलं.

घरी पोरगा माझ्या अंगावर आला. "भर पोळ्यात मले बैल केलं तुमी! आता तं मी मेलो तरी तपासत नाई. जाऊन सांगा गावाले."

बुढीही म्हणाली, "घरातली गोष्ट तुमीच चव्हाट्यावर मांडली."

"चव्हाट्यावर तं तू मांडली, सुपासंग," मी म्हटलं.

तिथे बोलायला नको होतं असं मला पुष्कळांनी सांगितलं. मी आजही तिथेच बोलेन. जिथं सुनेवर बोलले तिथंच उत्तर द्यायचं होतं. पण त्या उत्तरानं पोरगा आणखी अडून बसला हेही खरं आहे, आणि त्याचं अडणं सुनेच्या अंगावर गेलं.

एका सकाळी ती गोठ्यात वाकली ती उठलीच नाही. सांधे धरले होते, ओठ पांढरे पडले होते. गाडी करून वर्ध्याला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, लगेच मोकळं करावं लागेल. सुनेला धड बसता येत नव्हतं, तरी म्हणाली, "आधी त्यायले तपासा."

डॉक्टरीणबाईनं पोराला विचारलं, "ऑपरेशननंतर निरोध वापरला होता का?"

पोरगा माझ्या मागं सरकला.

"फेकला," मी म्हटलं. "गाजरगवतात. मी पाह्यला."

तिनं कपाळाला हात लावला नाही, रागावलीही नाही. एक बारकी बाटली त्याच्या हातात दिली आणि बोट दाखवून कुठं जायचं ते सांगितलं. तो फार वेळानं बाहेर आला, बाटली दुपट्ट्यात गुंडाळून, कोणी पाहत तर नाही अशी मान फिरवत. एवढ्या लाजेतली एक टक्का लाज त्याला तीन महिन्यांपूर्वी वाटली असती, तर सून खाटेवर नसती.

बुढी व्हरांड्यात डबा घेऊन बसली होती. डॉक्टरीणबाई बाहेर आली आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "यांच्यात अजून बीज आहे. काहींचं लवकर साफ होतं, काहींना वेळ लागतो, म्हणून तर थांबायला सांगतो. बाईवर संशय घेण्याचं काही कारण नाही. चूक यांची आहे, तिची नाही."

बुढीनं पदर ओढला. "मले काय समजते व माय डॉक्टरातलं."

तिची माफी एवढीच. पुन्हा त्यावर एक शब्द नाही.

सून मग आत गेली. उशीर झाला होता, रक्त फार गेलं. तिचा भाऊ पवनारहून धावत आला, त्यानं रक्त दिलं. माझ्या पोराकडे त्यानं पाहिलंही नाही. मी बाहेर बाकड्यावर बसून होतो. त्या बाकड्यावर मला एकच गोष्ट कळत नव्हती. दोन माणसांच्या संगनमतानं जे होते, ते एकट्या बाईच्या पोटात कसं मोजतात? औषध तिनं खायचं, पोट तिनं फाडून घ्यायचं, आणि नाव निघालं तर तेही तिचंच. माणसानं फक्त थांबायचं होतं.

वाचली ती. घरी आली. गावात एक जण म्हणाला नाही की आम्ही चुकलो. झडती म्हणणारा तर चहा प्यायला आला, कपाशीला बोंडं किती धरली ते विचारलं. मी विषय काढला तेव्हा हसला. "मस्करी होती बा. पोळ्यात चालते." त्याच्यापुढचा कप मी उचलून नेला. अर्धा चहा त्यात होता.

पुढं पोराची पुन्हा तपासणी झाली. बीज संपलं. आता भीती नाही, असं तो बुढीला सांगतो, सून ऐकेल इतक्या मोठ्यानं. पण सुनेची खाट बुढीच्या खोलीत आहे. स्वयंपाक करते, वावरात येते, लेकरांना शाळेत धाडते. नवऱ्याला ताट वाढते. बोलत नाही.

परवा ती ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी म्हटलं, "बाई, झालं ना आता. तू काऊन बोलून नाई राह्यली त्याच्यासंग?"

ती सोलतच राहिली. "मामाजी, त्यायनं अजून मले काई म्हटलंच नाई. मी उत्तर कशाचं देऊ?"

पोरगा तिथंच खांबाला टेकून उभा होता. त्यानं ऐकलं. मग विहिरीवरची मोटर चालू करायला वावरात निघून गेला.