मोकळ्या बाई

धानोऱ्याच्या पुढे, जंगलातल्या एका गावी आम्ही दोघे नवरा-बायको प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. बदल्यांची चर्चा दरवेळी उन्हाळ्यात सुरू होई आणि आमच्यापुरती एका वाक्यात संपे. "तुमचं काय जी, तुम्ही मोकळे." सहकारी असं म्हणत, नातेवाईक म्हणत. एकदा एसटीचा कंडक्टरही म्हणाला, पण त्याला फक्त लेकरंवाल्या बाईसाठी माझी जागा हवी होती. मी मागे जाऊन बसले.

ज्यांना मुलं होती त्यांच्याकडे कारणं होती. चौथीनंतरची शाळा, शिकवणी, तापात लवकर गाठता येणारा दवाखाना. कारणं खरी होती. आमच्याकडे कारण नव्हतं, म्हणून रस्ता जिथे संपतो तिथल्या शाळा आमच्याकडे आल्या. ह्यांना विचारलं की हे म्हणत, "ठीक आहे." घरी आल्यावर मला म्हणत, "आपलं पुढच्या खेपेला."

सुरुवातीला काही वर्षं आम्ही मूल व्हावं म्हणून नागपूरच्या डॉक्टरांकडे जात होतो. एका दिवाळीच्या सुट्टीत बॅग भरली आणि हे म्हणाले, "नाही गेलो तर?" आम्ही गेलो नाही. त्या खेपेसाठी काढलेल्या पैशांतून गोदरेजसारखं दिसणारं एक लोखंडी कपाट घेतलं आणि त्यात पुस्तकं लावली. बॅग काही दिवस तशीच भरलेली होती, मग कपडे लागले म्हणून उघडली.

कपाट बैलगाडीतून उतरलं तेव्हा गाव बघायला आलं. दोन पगार आणि खाणारं कोणी नाही, म्हणजे कपाटात काय असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारीण गोंड, पाच लेकरांची आई, तोंडाने फटकळ. तिने एक दिवस सरळ विचारलं. मी दार उघडून दाखवलं. ती वरपासून खालपर्यंत बघत राहिली.

"अन् पैसे कुठी आहेत?"

"हेच," मी म्हटलं.

"अव्वा," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून माझ्याशी जरा हळुवारपणे बोलू लागली.

पैसे इतरही ठिकाणी गेले. बारशांना, वाढदिवसांना आम्ही अहेर नेत असू. आमच्याकडे अहेर यायला निमित्त नव्हतं, त्यामुळे तो व्यवहार एकाच दिशेने चालला. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन लागला की लोक आमच्याकडे येत, कारण आमच्या डोक्यावर कर्ज नसे. कर्ज नव्हतं कारण घर बांधलं नव्हतं. "कोणासाठी बांधता?" असं लोक विचारत. दोघांसाठीही घर बांधता येतं, हे आमच्या लक्षातच आलं नाही.

ह्यांना एकच गोष्ट हवी होती. एका प्रशिक्षणासाठी हे गडचिरोलीला राहिले होते आणि संध्याकाळी तिथल्या वाचनालयात जाऊन बसत. परत आले तेव्हा मी विचारलं, कसं होतं? ह्यांनी बराच विचार केला. "तिथे पंखा आहे," म्हणाले. "आणि कोणी बोलत नाही." यापेक्षा जास्त कौतुक ह्यांनी कशाचंच केलेलं मला आठवत नाही. त्यानंतर 'पुढच्या खेपेला' म्हणजे काय, ते मला कळत असे.

शेवटी आम्ही गडचिरोलीला निघालो ते ॲम्ब्युलन्समधून. हे वाटेतच गेले.

जलदान विधीला सगळे आले. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. माझी नणंद माझा हात धरून रडली आणि म्हणाली, "आता तर तू अगदीच मोकळी झाली वो." ती वाईट बाई नाही. तिला दुसरा शब्द सुचला नाही.

त्याच उन्हाळ्यात बदल्या निघाल्या. आता हे सगळं मोबाइलवर होतं. विधवांना विशेष संवर्ग असतो. त्यांना जागा आधी मागता येते, आणि बदली नको असेल तर नकार देता येतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदाच कुठल्यातरी संवर्गात बसले. मी गडचिरोलीची एक शाळा मागितली.

चार दिवसांत एक तरुण शिक्षिका घरी आली. शेजारच्या गावची, कामाला चांगली. नवरा गडचिरोलीला नोकरीला, दोन लेकरं हिच्याजवळ. तिने स्कूटी लावली, लेकरांना आत आणलं. मोठा कपाटापाशी गेला आणि खालच्या कप्प्यातली पुस्तकं बाहेर काढू लागला. शेजारीण आमच्याच ओसरीवर मोहफुलं निवडत बसली होती. ती उठली नाही.

"बाई, एक गोष्ट बोलू? राग नका मानू."

"बोल."

"तुमी गडचिरोलीची शाळा मागून राह्यल्या म्हणते."

"हो."

"माह्या कामाची तेवढी एकच जागा आहे जी. तुमी नकार द्यान तर मले भेटते. पोट्टा यंदा पहिलीत जाते. याचे बाबा तिकडे, आमी इकडे. हा तर बापाले पाहुणाच समजते." ती हसली, मग हसायची थांबली. "तुमाले इथी सारा गाव ओळखते. तिथी एकल्या काय करसान? अन् तुमचं काय, बाई, तुमी तर..."

पुढचा शब्द तिने गिळला. ती चांगली मुलगी आहे.

ओसरीवरून शेजारीण म्हणाली, "तुहा माणूस हप्त्याले येते न वो? हिचा नाई येत. जाऊ दे न तिले."

"मावशी, मी बाईशी बोलून राह्यली."

"मी बी बाईचंच बोलून राह्यली."

मी म्हटलं, "मले जायचं आहे."

"पण काऊन?"

"तिथे वाचनालय आहे."

तिने कपाटाकडे पाहिलं, मग मुलाने जमिनीवर मांडलेल्या पुस्तकांकडे. "पुस्तकं तर इथीच एवढी आहेत, बाई."

"हो. ती वाचून झाली."

तिने पुस्तकं गोळा करून पुन्हा कप्प्यात ठेवली. उलटी ठेवली, पण ठेवली. चहा घेतला नाही.

ती गेल्यावर मला नकार देऊन टाकावासा वाटला. तिचं म्हणणं पटलं होतं असं नाही. सवय होती. "ठीक आहे" हा शब्द त्या घरात इतक्या वेळा बोलला गेला होता की तो आपसूक तोंडात येई. मी मोबाइल कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली शेजारणीकडे दिली. "मी मागितली तरी देऊ नको," म्हटलं. नकार द्यायची मुदत संपेपर्यंत मोबाइल तिथेच होता. मी दोनदा मागायला गेले. तिने दिली नाही. त्या कपाटात गावाला वाटत होतं तसं काही मोलाचं तेवढेच दिवस होतं.

त्या शिक्षिकेला त्या वर्षी बदली मिळाली नाही. हे लिहिलं पाहिजे, कारण ते माझ्यामुळे झालं. फोनवर ती तुटक बोलते. मुलाचं विचारलं की मात्र सगळं सांगते.

गडचिरोलीत मी दोन खोल्या भाड्याने घेतल्या. कपाट टेम्पोतून आणलं. इथे ते बघायला कोणी आलं नाही. पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी बोलावलं. मुलांची माहिती संगणकावर भरायचं काम होतं, शाळा सुटल्यावर, रोज.

"हे तुम्ही घ्या, बाई," ते म्हणाले. "बाकीच्यांना घर असते, लेकरं असतात. तुमचं काय, तुम्ही मोकळ्या."

"सहापर्यंत थांबते, सर. सहाला मले जावं लागते."

"घरी कोणी आलं आहे का?"

"नाही. वाचनालयात."

"तिथी कोण आहे?"

मी विचार केला. त्यांना खरं सांगायचं होतं.

"पंखा आहे," मी म्हटलं. "आणि कोणी बोलत नाही."

 ते म्हणाले, बरं, आपण वाटून घेऊ. अर्धं काम ज्या शिक्षकाकडे गेलं त्याला दोन मुली आहेत. तो माझ्यावर थोडा नाराज आहे.