घरच्यांचा फोटो
नुकत्याच फोडलेल्या नारळाचा वास आला की मला वाघोलीतल्या आमच्या शेताचं भूमिपूजन आठवतं. शेत बिल्डरला दिलेलं, आणि काकांचा सालगडी बोचकं घेऊन निघालेला, कारण त्याची खोली दुपारी पाडायची होती. आजोबांच्या वाटणीत विहीर, बैलजोडी आणि याचे आईबाप काकांच्या वाट्याला आले होते. हा त्याआधी जन्मला की नंतर, कोण विचारतो! तेवढ्यात फोटोग्राफरने त्याला ओढून काकांशेजारी उभं केलं आणि मला म्हणाला, "अहो, तुम्ही जरा बाजूला व्हा. घरच्यांचा फोटो आहे." मी हिंजवडीच्या आयटी कंपनीतला साहेब, भडकलोच. "अहो, घरचा मी! हा गडी आहे!" "मग या दोघांचं नाक एका साच्यातलं कसं?" मी मोठ्याने हसलो, एकटाच. काकू पूजेतून उठून गेल्या. काका खाली बघत बिल्डरला म्हणाले, "आमच्या वाट्याचा एक फ्लॅट याच्या नावावर करा." आता तो माझ्या शेजारीच राहतो. लिफ्टमध्ये मला 'मालक' म्हणतो. तो आजोबांचा की काकांचा, म्हणजे त्याला काका म्हणावं की दादा, हे मला अजून कळत नाही, मग मी आपलं विचारतो, "पाणी आलं का?"