डावा कौल

घाबरण्याचं काम इतक्या मनापासून करणारा माणूस अख्ख्या सिंधुदुर्गात दुसरा सापडायचा नाही. कुडाळच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत तो आणि मी एकदमच इंटर्न म्हणून लागलो. मी कुणकेश्वरची, तो वालावलकडचा. मी भांडायला तयार, तो पळायला. विजेचा कडकडाट, सरांचा खोकला, अनोळखी नंबरवरून आलेला फोन, या सगळ्यांना तो सारखाच घाबरे. पण या सगळ्यांवर दशांगुळे उरली ती कोड लिहून देणाऱ्या एआयची भीती.

ते टूल कंपनीने आम्हाला पहिल्याच दिवशी दिलं. मी त्याला हुकूम सोडायचे, हा विनवण्या करायचा. आधी हात पुसायचा, मग टाइप करायचा, ‘नमस्कार, सवड असेल तर लॉगिनचं पान करून द्याल का?’ टूलने भराभर ओळी लिहायला सुरुवात केली की हा खुर्ची मागे ओढायचा. जेवायला जाताना लॅपटॉप मिटून वर जाडजूड फाइल ठेवायचा. “आपण नसताना काय करीत, नेम नाय,” म्हणायचा. एरवी ऑफिसात शुद्ध मराठी बोलणारा हा माणूस घाबरला की मालवणीवर यायचा. टूलला मालवणी कळत नसणार, अशी त्याची समजूत होती. एकदा खात्री करायला त्याने लिहिलं, ‘माका फसव नको रे बाबा.’ समोरून लगेच उत्तर आलं, ‘काळजी करू नको, मी आसंय मा!’ त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवशी त्याच्या डब्यातलं बांगड्याचं तिखलं मलाच संपवावं लागलं, आणि मी काही तक्रार केली नाही. अगदीच असह्य झालं की तो सरळ भिंतीतली इंटरनेटची वायर उपटायचा. सर आतून ओरडायचे, “कोणी काढली रे?” आणि हा टेबलाखाली चप्पल शोधत असायचा.

एकदा मी वैतागून विचारलं, “अरे, ते तुला खाणार आहे का?”

“खायत नाय गो,” तो म्हणाला. “पण ह्येका नाय म्हणूक येणा नाय.”

त्याचे वडील गावच्या देवळात कौल लावतात. लोक अडचण सांगतात, वडील गाऱ्हाणं घालतात, बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, आणि देवाच्या पाषाणावर चिकटवलेल्या ओल्या पाकळ्यांकडे सगळे बघत बसतात. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. “देव सुद्धा कधी डावो कौल देता,” तो म्हणाला. “ह्येका ‘बरोबर आसा काय’ विचारलंय, ह्यो होय म्हणालो. ‘चुकीचा आसा काय’ विचारलंय, तरी होय. मगे कोणाक विचारूचा?” मी हसले खरी, पण घरी जाताना एसटीत ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

इंटर्नशिप संपल्यावर आमच्यातल्या एकालाच नोकरी मिळणार होती. मला मिळाली नसती तर मी सरळ पुण्याची गाडी धरली असती. त्याचं तसं नव्हतं. आई नाही, वडिलांना एका डोळ्याने दिसत नाही. कुडाळातली नोकरी म्हणजे रोज संध्याकाळी घरी, एवढाच त्याचा हिशेब.

शेवटी आम्हाला पर्यटकांच्या होड्यांच्या तिकिटांचं काम मिळालं. हवामानाच्या साइटवरून धोक्याचा इशारा आला की तिकिटं आपोआप बंद व्हायला हवीत. टूलने हां हां म्हणता कोड लिहिला, चाचण्याही स्वतःच लिहिल्या आणि सगळ्या पास केल्या. होडीवाल्यांना दाखवायच्या आदल्या दिवशी याने घाबरून सवयीने वायर उपटली. पडद्यावर अक्षरं आली, ‘समुद्र शांत. तिकिटं चालू.’

साइटकडून उत्तरच आलं नाही, तर टूलने त्याचा अर्थ शांत असा धरला होता. माझा मामा त्यातलीच एक होडी हाकतो.

“फूल पडाक नाय म्हणजे देवान होय म्हटल्यान, असा नाय गो,” तो कुजबुजला. “थांबाचा लागता.”

आम्ही सरांना दाखवलं, त्यांनी टूलला सांगितलं. टूलने लगेच चूक कबूल केली, कोड दुरुस्त केला, सर खूश. दुसऱ्या दिवशी सगळ्या होडीवाल्यांसमोर सरांनी, चूक पकडली म्हणून, माझ्या या सोबत्यालाच हौसेने विचारलं, “काय, करायचं ना चालू?” त्याची बोबडी वळली होती, पण तो म्हणाला, “नको. काल पण ह्यो असोच ‘बरोबर आसा’ म्हणालो. आमी सगळा वाचून बघूया, मगे करूया.” होडीवाले चहा प्याले आणि ‘मगे येतो’ म्हणून निघून गेले.

नोकरी मला मिळाली. “पोरगा गुणी आहे गं,” सर म्हणाले, “पण चारचौघांत नको म्हणणारा माणूस मला परवडायचा नाही.” त्याने जाताना माझ्या लॅपटॉपवर आपली जाडजूड फाइल ठेवली. आता तो गावी माडांना पाणी लावतो आणि अर्ज पाठवत बसतो.

भीती मात्र इथेच राहिली, माझ्याकडे. दिवसभर टूल मला होय होय म्हणतं आणि ऑफिसात नको म्हणणारं कोणी नाही. परवा होड्यांचं नवं काम चालू करायचं होतं. सर दारात उभे. बोट बटणावर नेलं आणि राहवेना, म्हणून त्याला फोन लावला.

“करू का रे चालू?”

पलीकडे देवळातली घंटा वाजली. मग काहीच नाही. रेंज गेली होती की तो गप्प होता, कोण जाणे.

मी बटणावरचं बोट काढलं आणि कोड पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.