लाल खुणेचा नळ

शारजाच्या फ्लॅटमध्ये त्या संध्याकाळी मुलीचा ताप चढतच होता. आदल्या वर्षी गावी अशाच तापात तिला आकडी आली होती, म्हणून आम्ही दोघं तिच्या हातापायांवरून नजर हलवत नव्हतो. डॉक्टर फोनवर म्हणाले, "औषध दिलंय ना? आता साध्या पाण्यानं अंग पुसत राहा. बर्फ लावू नका. तासाभरात उतरला नाही तर घेऊन या."

साधं पाणी जुलैत आणायचं कुठून? गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात पोळत होतं. पिण्याच्या पाण्याचा कॅन संपलेला, आणि दुकानदाराचं "अभी भेजता हूँ" अजून वाटेतच होतं. बायकोनं बर्फाचा एकुलता ट्रे बादलीत रिकामा केला. बर्फ वितळला, पाणी होतं तसंच.

"सूर्य बुडाला की," ती म्हणाली. "गॅलरीचा कठडासुद्धा निवला. पाण्यालाच काय झालंय?"

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि गेलो तो शाळेतल्या विज्ञानाच्या सरांमुळे. त्यांनी एकदा किलोचं लोखंडी वजन आणि तांब्याभर पाणी उन्हात तापवून सावलीत आणलं आणि आम्हाला हात लावून बघायला सांगितलं. वजन लवकर निवलं. "पाणी उष्णता पोटात साठवतं," सर म्हणाले. "लवकर तापत नाही, लवकर सोडतही नाही." विशिष्ट उष्मा हा शब्द मी परीक्षेपुरता पाठ केला होता.

म्हणजे टाकी रात्रभर निवणार नव्हती. पण ऊन न लागलेलं पाणी गारच राहिलं असेल. असं पाणी घरात होतं. न्हाणीघरातला गिझर आम्ही उन्हाळा लागताच बंद केला होता, आणि तेव्हापासून त्याच्या नळाला कोणी हात लावला नव्हता.

"लाल खुणेचा नळ सोड."

"अहो, गिझरचा? डोकं ठिकाणावर आहे का? पोर भाजेल."

"बंद आहे तो. बारीक धार सोड, नाहीतर मागून टाकीचं पाणी घुसेल."

तिनं आधी बोट लावलं. मग पूर्ण हात धारेखाली धरला. लगेच टॉवेल भिजवला.

मान, काखा, पाय आम्ही पुसत राहिलो. टॅक्सी करावी लागली तर म्हणून मी चपला घालूनच बसलो होतो. दुपारपासून गप्प असलेल्या मुलीनं अखेर पाय ओढून घेतला.

"स्टॉप इट, पप्पा. इट्स कोल्ड."

बायकोनं तिच्या कपाळाला गाल लावून पाहिला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. मी चपला काढल्या.