साडूंचं विरजण

माझ्या थोरल्या साडूंइतका पाण्याचा अपमान मनाला लावून घेणारा माणूस अख्ख्या मावळात झाला नाही. कुणाच्या घरी हिरवट पाण्याची माशांची टाकी दिसली, की त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. आंदर मावळातल्या भातशेतीच्या घरातला हा माणूस वडगावच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाला आणि उरलेलं आयुष्य त्याने एका माशाला वाहून टाकलं. मासा लेकीचा. नोकरीसाठी बंगळूरला जाताना तिने बरणीतला आपला मोतीचूर नावाचा गोल्डफिश वडिलांच्या हातात दिला आणि म्हणाली, "बाबा, याला मरू देऊ नका हं." लेक सहज बोलून गेली, साडूंनी मात्र ते वरून आलेल्या हुकुमासारखं घेतलं. मासा बरणीत मावेना तेव्हा हॉलमधला सोफा हलवून त्यांनी तिथे सहा फुटी टाकी बसवली आणि पाहुणे सतरंजीवर आले.

टाकी आली, पण तिला फिल्टर कुठला घ्यावा हे ठरेना. आमच्या घराण्यातली लग्नं याहून लवकर जमली आहेत. टाकीच्या मागे टांगायचा फिल्टर साडूंनी 'लय किरकोळ' म्हणून पहिल्याच भेटीत नाकारला, कारण गोल्डफिश खादाड आणि त्याच्यामागे निस्तरणाराही तेवढाच दणकट हवा. बंद डब्याचा कॅनिस्टर दिसायला देखणा होता. पण साडूंनी दुकानदाराला विचारलं, "आमच्याकडं पावसाळ्यात लाईट दिवसदिवस जाती. तवा ह्यो आतल्या आत कुजल का न्हाई?" दुकानदार खरं बोलला आणि स्थळ मोडलं. शेवटी पसंत पडला तो संप. मोठ्या टाकीचं पाणी पाईपने खालच्या लहान टाकीत उतरायचं, तिथल्या जाड स्पंजातून गाळून पंपाने पुन्हा वर चढायचं. "वढ्यावानी हाय," साडू खुशीत म्हणाले. लाईट गेल्यावर हा कसा वागतो ते बघायला त्यांनी स्वतःच मेन स्विच पाडला. पंप थांबला, वरचं पाणी मात्र खाली येतच राहिलं, खालची टाकी भरून वाहू लागली आणि माझ्या चपला तरंगत स्वयंपाकघरात ताईंपर्यंत पोचल्या. ताई म्हणजे साडूंची बायको, माझी थोरली मेहुणी. ती फरशी त्या एरवीही दिवसातून तीनदा पुसत.

पाईप वर घेऊन तो दोष दूर झाला, तरी पुढे दीड महिना टाकीत नुसतं पाणीच फिरत होतं आणि मोतीचूर शेजारी टबात होता. मासा कधी सोडणार विचारलं की उत्तर ठरलेलं, "पाणी अजून प्रोबेशनवर हाय." त्यांचं म्हणणं असं, की ओढ्यातल्या दगडावर जो बुळबुळीत थर असतो तोच खरा फिल्टर, आणि तसा थर स्पंजावर धरेपर्यंत माशाचा जीव धोक्यात घालायचा नाही. "घाण न्हाई ती, पाव्हणं. जित्राब हाय. डोळ्याला दिसत न्हाई एवढंच." तो स्पंज ते टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, हलक्या हाताने खळबळत. नळाचं पाणी त्याला शिवू देत नसत. मी तळेगावात लहानशी टाकी घेतली, तेव्हा स्वारी स्टीलचा डबा घेऊन दारात हजर. बासुंदी असेल म्हणून मी वाट्या काढायला सांगितल्या. डब्यात काळपट स्पंजाचा तुकडा निघाला. "विरजण आणलंय," साडू म्हणाले. पुढे कित्येक वर्षं मी हा किस्सा चारचौघांत रंगवून सांगत असे.

मग एका दिवाळीच्या साफसफाईत ते झालं. साडू भात काढायला दोन दिवस गावी गेले होते. नवऱ्याला खूश करावं म्हणून ताईंनी संपातला स्पंज काढला, सोडा घालून उकळला आणि गच्चीवर खडखडीत वाळवून नव्यासारखा परत बसवला. साडू परतले तेव्हा पाणी ताकासारखं झालं होतं आणि मोतीचूर वर येऊन तोंड उघडत होता. त्यांनी मला फोन केला. "पाव्हणं, माझं विरजण हाय का तुमच्याकडं? लेकीला काय सांगू मी?" मी माझ्या फिल्टरमधला स्पंज अर्धा कापून डब्यात घातला आणि स्कूटर काढली. पोचलो तर ताई कोपऱ्यात बसून रडत होत्या आणि साडू बादल्यांनी पाणी बदलता बदलता त्यांनाच समजावत होते, "अगं, तुझ्यापरीस चांगलं कुणी धुतलं नसतं." तो घाणेरडा तुकडा त्यांनी प्रसादासारखा दोन्ही हातांनी घेतला. चौथ्या दिवशी मोतीचूर तळाशी जाऊन पुन्हा खडे चाळू लागला. मी मात्र तो किस्सा सांगणं सोडून दिलं.

मोतीचूर पुढे म्हातारा होऊन गेला आणि वर्षभराने साडूही गेले. टाकी कोरडी पडली. मला त्यांची फार आठवण येते, पावसाळ्यात लाईट गेली की जास्तच.

परवा ताई तळेगावला आल्या. पिशवीतून स्टीलचा डबा काढून त्यांनी ओट्यावर ठेवला. "लेक सुट्टीला येतेय," म्हणाल्या. "टाकी भरून ठेवलीय. भाऊजी, ह्यांची जित्राबं आहेत ना अजून तुमच्याकडे? थोडी द्या." मी फिल्टर उघडला. पदर खोचून ताईंनी स्वतःच आत हात घातला, गाळाने भरलेला स्पंज हळूच उचलला आणि मी कापून दिलेला अर्धा भाग डब्यात ठेवला. दाराची कडीसुद्धा साबणाने धुणाऱ्या या बाईची बोटं काळी झाली होती. मी नळ सोडला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या आणि तशाच हातांनी डब्याला झाकण लावलं.